साहेब उठू नये म्हणून

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. एकदा, आइंडहोव्हनहून घरी परतताना गाडीत, अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मागच्या सीटवरून मुलीने डचमध्ये काहीतरी विचारलं आणि मी तिला उत्तर देत बसले. सुटल्यासारखं वाटलं मला. खरं सांगते, आनंदच झाला.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय. तरी थेट नाही जमत. आधी त्या मुलाबद्दल सांगते.

मुलगाच म्हणायचा — मेला तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. लेफ्टनंट एडवर्ड. घरचे त्याला नेड म्हणायचे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली गोष्ट. पूर्व इंग्लंडमधलं एक खेडं, सपाट, दमट, एक चर्च आणि एक तळं असलेलं. नेडचे वडील त्या गावचे डॉक्टर. दवाखाना थोरल्याकडे जाणार हे ठरलेलं, मग धाकट्याचं काय करायचं? कुणाच्या तरी ओळखीने हिंदुस्थानातल्या फौजेत जागा मिळाली आणि अठराव्या वर्षी पोरगा बोटीत बसला. त्याने म्हणे पंख मोडलेला एक कावळा पाळला होता. कावळा बरा झाला तरी उडून जाईना, खांद्यावर बसून चर्चमध्ये यायचा, आणि पाद्रीबुवा चिडायचे. नेड गेल्यावर आईने तो कावळा सांभाळला. पुढे खानदेशाकडच्या डोंगरांत, बंडाच्या धामधुमीत, नेड तापाने गेला. आपल्या आजारी शिपायांची सेवा करता करता गेला — असं घरात सांगत आले. चर्चच्या भिंतीवर त्याच्या नावाची पितळी पाटी आहे. तिच्यावर एका गावाचं नाव आहे, इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेलं, काहीच्या काही.

हे सगळं मला मार्गारेटने सांगितलं. नेडच्या थोरल्या भावाची ती पणती.

मार्गारेट इथे, डच मुलखातल्या न्यूनेन गावात, आमच्या मागच्या गल्लीत राहायची. इंग्रज बाई, पण डच माणसाशी लग्न करून आयुष्य इथेच काढलेलं. शाळेत शिकवायची. नवरा गेल्यावर ग्रंथालयात नवख्या लोकांना डच शिकवायला यायला लागली. मी तेव्हा या देशात नवीन. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, पुण्यातली बरी नोकरी सोडून. तो सकाळी फीट्सवर, म्हणजे सायकलवर, टांग टाकून कंपनीत जायचा, मुलगी शाळेत, आणि मी खिडकीतून समोरच्यांचं कुंपण बघत बसायचे. बोलायला कुणी नाही. ग्रंथालयाच्या त्या टेबलावर मार्गारेटने पहिल्यांदा माझं नाव नीट उच्चारलं. वैशाली. तीनदा म्हणून पाहिलं तिने, जमेपर्यंत.

मी तिच्याकडे जायला लागले. तिच्या स्वयंपाकघरात बसून डच शिकले, भाज्या कशा उकडून मारायच्या ते शिकले. तिला मराठी शिव्या शिकवल्या. त्या घरात मला मान होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे कुठेतरी तुम्हाला वाटेल की मी तिच्या प्रेमापोटी केलं. प्रेम होतं. पण मला तो मान जास्त हवा होता.

माझं माहेर नाशिक जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. बाबा तिथल्या हायस्कूलमध्ये मास्तर होते. मार्गारेटने पितळी पाटीवरचं ते नाव वाचून दाखवलं, तेव्हा मी ते बाबांना फोनवर सांगितलं, नुसती गंमत म्हणून. बाबा निवृत्त, त्यांना उद्योग मिळाला. जुन्या विद्यार्थ्यांना विचारत विचारत त्यांनी जागा शोधून काढली. आमच्या गावापासून जीपने तासाभराच्या अंतरावर, सातमाळा रांगेतल्या डोंगरात एक वस्ती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तो अधिकार मी घालवलाय.

बाबांनी फोटो पाठवला. माळावर दगडांचा एक ढीग, पुरुषभर उंच. आणि मग फोन केला. म्हणाले, "वैशू, तुझ्या त्या बाईंना जरा जपून सांग. तिथले लोक त्याला दगड मारतात. येता-जाता प्रत्येकाने एक टाकायचा. साहेब उठू नये म्हणून."

कारण वस्तीची गोष्ट वेगळी होती. बंडातली काही माणसं डोंगरात लपली होती आणि वस्तीने त्यांना भाकरी दिली. नेड फौज घेऊन आला. खळ्यावरची बाजरी जाळली, घराघरातल्या कणग्या जाळल्या. आणि कर्त्या पुरुषांना एका रांगेत उभं करून चिंचेच्या झाडाला फाशी दिलं. त्याला मराठी येत होतं. प्रत्येकासमोर उभा राहून तो विचारायचा — "आपलं नाव काय?" आपलं. त्या लोकांना तोवर कुणी, साहेब सोडा, गावच्या पाटलानेही असं विचारलेलं नव्हतं. नाव ऐकायचा, मान हलवायचा, आणि पुढच्याकडे जायचा. त्या वर्षी पावसाळ्यात वस्तीतली लहान पोरं उपाशी मेली. आणि नेड? तो महिन्याभरात त्याच माळावर तापाने मेला. फौजेने घाईघाईत पुरला आणि तळ हलवला. पहिला दगड एका विधवेने ठेवला.

कावळा खांद्यावर घेऊन फिरणारा मुलगा तो हाच. मला दोन्ही खरं वाटतं. अजूनही.

मी फोटो घेऊन मार्गारेटकडे गेले. तिने चष्मा लावला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, आणि विचारलं, "हे दगड कसले गं?"

मी काय म्हणाले असेन?

म्हणाले, "लोक वाहतात. आदर म्हणून. येता-जाता एक."

तोंडातून निघून गेलं, असं म्हणता आलं असतं. पण तसं नव्हतं. उत्तर देण्याआधी मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. तिथे काय उमटलेलं मला बघायचंय, ते मी आधी ठरवलं आणि मग बोलले. तिने माझा हात धरला. म्हणाली, वैशाली, तू मला माझा माणूस परत दिलास. मी घरी आले आणि दिवसभर छान वाटत राहिलं मला. लाज वगैरे नाही. छान.

इथवरच थांबलं असतं तर ते कदाचित एका म्हाताऱ्या बाईला सांगितलेलं साधं खोटं ठरलं असतं. असली खोटी बोलणी सगळेच बोलतात, नाही? मी कित्येक वर्षं स्वतःला हीच आवृत्ती सांगत होते. पण मुद्दा हा नाहीच.

मुद्दा हा की मार्गारेट तिथे गेली. आणि मी तिला घेऊन गेले.

जानेवारीत गेलो. बाबांनी जीप ठरवली, स्वतःही आले. मी त्यांना म्हटलं होतं की तुम्ही कशाला दगदग करता, घरीच थांबा. ते म्हणाले, शोध मी लावलाय, मी येणार. वस्तीवर आधीच निरोप गेलेला. माळावर माणसं जमली होती, बायका पदर सावरून एका बाजूला. मधे खंडूबाबा. वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस, फाशी गेलेल्यांपैकी एकाचा वंशज. कुणीतरी त्याला धुतलेला सदरा घालून आणलं होतं. मार्गारेटने वाकून नमस्कार केला, मी शिकवलेला. मग ती माझ्याकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली — हे नीट ऐका — "मला सगळं ऐकायचंय. ते जे म्हणतील ते, जसंच्या तसं."

खंडूबाबा उभ्यानेच बोलायला लागला. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत.

"बाई लांबून आली. तिचा पाव्हना हितं हाये. आमचे बी हितंच हायेत. तिला सांग पोरी, आमच्या मानसांनी भाकर दिली व्हती, दुसरं काय बी नव्हतं केलं. ह्यानं नावं इचारली आन् टांगलं. दाणा जाळला. पोरं माती खाऊन मेली. ह्ये तिला म्हाईत हाये का? इचार."

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी मार्गारेटला इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणतात, तुम्ही लांबून आलात, तुमचे उपकार आहेत. तुमचा माणूस इथे आमच्या माणसांशेजारी झोपलाय. तो वाईट काळ होता, पोरंसुद्धा भुकेने गेली. पण तो प्रत्येकाला नावाने विचारायचा. मान द्यायचा."

बघा, कसं केलं ते. सगळे शब्द त्याचेच घेतले. एकही वस्तू बाहेरून आणली नाही. पुण्यात त्या नोकरीत मी भाषांतरंच करायचे, मला येतं ते.

मग खंडूबाबाने डोळे मिटले आणि नावं घ्यायला लागला. तिथली रीत तशी होती. दगड टाकताना फाशी गेलेल्यातल्या एकाचं नाव घ्यायचं. कुठेच लिहिलेली नव्हती ती नावं, फक्त दगडाबरोबर तोंडात यायची. बापाच्या तोंडून पोराच्या तोंडात, असं चालत आलेलं. त्या दिवशी त्याने सगळी घेतली, एकामागून एक. मार्गारेटने हळूच विचारलं, काय म्हणतायत?

"प्रार्थना," मी म्हणाले.

ती हात जोडून उभी राहिली. ओठ हलत होते तिचे. नावं संपल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "त्यांचे आभार मान. सांग, त्याच्यावर इथे इतकं प्रेम आहे हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं."

खंडूबाबा माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याने प्रश्न विचारला होता ना — हे तिला माहीत आहे का? त्याला उत्तर हवं होतं. आणि मी माझ्या स्वच्छ शाळामास्तरी मराठीत म्हणाले, "बाबा, बाई म्हणतात, आमच्या माणसाने पाप केलं. आम्हाला माहीत आहे. आम्हाला माफ करा."

म्हातारा दोन पावलं पुढे आला. मग त्याने मार्गारेटचे दोन्ही हात धरले. "इतक्या पिढ्या गेल्या," तो म्हणाला, "कोनी इचाराया आलं नव्हतं." आणि रडायला लागला. तीही रडायला लागली. दोघं एकमेकांचे हात धरून रडत होते, आणि त्यांच्या मधे मी उभी. मग मार्गारेट वाकली, एक दगड उचलला, आणि अगदी हलकेच, देवापुढे फूल ठेवावं तसा, ढिगावर ठेवला. बायकांमधून एक आवाज उठला. पाहुण्या बाईने स्वतःच्या माणसावर दगड टाकला! एका म्हातारीने तिला हात जोडले. मार्गारेटनेही हसून हात जोडले.

मी हे थांबवू शकले असते. एका वाक्याने. तेव्हाही मनात काय आलं सांगू? — की सगळं किती छान पार पडलं.

आणि आणखी एक, जे मी स्वतःशीही फार उशिरा कबूल केलं. समोर खंडूबाबाच्या जागी पुण्यातले कुणी प्राध्यापक असते, नीट कपड्यातले, नीट भाषेतले, तर मी त्यांच्या तोंडचे शब्द असे बदलले असते? हिंमत झाली असती? नाही. तो डोंगरातला म्हातारा होता, त्याला इंग्रजी कळणार नव्हतं, आणि त्याचं दुःख माझ्या हातात होतं. म्हणून केलं. फौजेतल्या त्या पोराने निदान त्यांची नावं ऐकून घेतली होती. मी ऐकली, आणि त्यांची प्रार्थना करून टाकली.

बाबा मागे उभे होते. त्यांचं काय, ते तुमच्या लक्षात आलं का? बाबा हायस्कूलमध्ये मास्तर होते म्हटलं मी. कुठला विषय, ते सांगितलं नाही. इंग्रजी.

जीपमध्ये ते पुढे बसले, ड्रायव्हरशेजारी. मार्गारेट थकून माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.  घरी दारात चपला काढताना बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी आज जेवणार नाही." बस. पुढे दर रविवारी फोन व्हायचा. नातीची शाळा, माझी कंबर, इथली थंडी, सगळं बोलायचे. ते नाही. दोन वर्षांनी गेले. मला कधी ओरडले असते तर... पण त्यांनी तेवढंही माझ्यासाठी सोपं केलं नाही, आणि बरोबरच केलं.

मार्गारेट परत आली ती वेगळीच होऊन. आनंदी. इंग्लंडमधल्या त्या चर्चमध्ये तिने जुन्या पाटीखाली नवी छोटी पाटी बसवून घेतली — ज्या लोकांत तो मेला, ते लोक आजही त्याची आठवण जपतात. एका अर्थाने खरंच होतं ते.

तिला झेपलं नसतं, असं तुम्ही म्हणाल? मीही म्हणायचे. मग ऐका. शेवटच्या आजारात एकदा आम्ही तिच्या स्वयंपाकघरात स्प्राउट्स, ते बोराएवढे कोबीचे गड्डे, सोलत बसलो होतो. त्याच आठवड्यात तिने डॉक्टरांना तोंडावर विचारून घेतलं होतं की नेमके किती महिने, आणि ते ऐकून येताना बेकरीतून केक आणला होता. अशी बाई. सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "वैशाली, त्याने तिथे काही वाईट तर केलं नव्हतं ना? मी कधीकधी विचार करते. लष्करी माणूस, बंडाचा काळ. केलं असेल तर मला कळायला हवं. मी ते घेऊन मरू शकते."

दार तिने स्वतः उघडून धरलं होतं. मला फक्त आत जायचं होतं.

मी म्हणाले, "नाही गं. काही नाही केलं." आणि पुढचा स्प्राउट उचलला. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तिला कळलं होतं का? माहीत नाही. कळलं असेल तर ती मला घेऊन मेली.

तिच्या अंत्यविधीला मला बोलायला सांगितलं. काय बोलायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. मी डचमध्ये, तिनेच शिकवलेल्या डचमध्ये, तो माळ, तो म्हातारा आणि ते धरलेले हात, सगळं सांगितलं. लोक रडले. बाहेर कॉफीच्या वेळी अनोळखी माणसं येऊन माझे हात धरत होती.

हे सगळं मी गिळून बसले होते. पण मागच्या वसंतात प्रमिला आली.

प्रमिला खंडूबाबाची नात. शिष्यवृत्तीवर इथल्या एका विद्यापीठात पाणी आणि शेती शिकते. खंडूबाबाने तिला माझं नाव सांगून ठेवलं होतं: परदेशातली ती मास्तरांची पोरगी. तिने शोधून काढलं. दोन ट्रेन बदलून जेवायला आली, माझ्यासाठी विद्यापीठाच्या बागेतली कोथिंबीर घेऊन. मला काकू म्हणाली. आजोबा गेले म्हणाली, शांतपणे गेले. शेवटपर्यंत त्या बाईंबद्दल बोलायचे. माफी मागितली, मनावरचं ओझं उतरलं म्हणायचे.

"दगड तर त्यांनी त्याच वर्षी बंद केले," ती म्हणाली. "माफी घेतली ना, मग आता मारायचं नाही म्हणाले. ऐकलं सगळ्यांनी. आता ढीग खचलाय, लोक बांधाला दगड नेतात."

मी विचारलं, "आणि नावं?"

तिने भाताचा घास तसाच धरला. "तेच ना काकू. दगड गेले, तशी नावंही गेली. मला चार येतात फक्त. आजोबांना सगळी येत होती, पण लिहून घ्यायचं राहिलं. तुम्ही होता ना त्या दिवशी? तुम्हाला आठवतात?"

सगळी माझ्या कानांवरून गेली होती. मला एकही आठवत नाही.

तेव्हा तरी सांगायचं. अजून काय हवं होतं? मुलगी समोर होती, माझ्या घरी जेवत होती. मी तिला आणखी भात वाढला.

मग तिने फोन काढला. वस्तीतल्या शाळेला नवी खोली बांधलीय, तिच्या भिंतीवर मार्गारेटबाईंचे शब्द लिहायचे असं गावाने ठरवलंय, म्हणून तिला ते नेमके हवे होते. "तुम्ही आजोबांना मराठीत सांगितलेत. पण बाई इंग्रजीत काय म्हणाल्या होत्या, काकू? अगदी त्यांचे शब्द?"

मी सांगितले. अडखळले नाही. मार्गारेट बोलायची त्या धाटणीत, ती वापरायची तसे जुने, नेटके शब्द घालून, तीन वाक्यं. प्रमिलाने टाइप केली, मला वाचून दाखवली, आणि मी एक शब्द दुरुस्त केला. तिचे डोळे भरून आले होते. निघताना ती माझ्या पाया पडली आणि मी पडू दिलं.

गेल्या महिन्यात तिने फोटो पाठवला. पांढऱ्या भिंतीवर निळी अक्षरं, वर इंग्रजी, खाली मराठी, त्याखाली मार्गारेटचं नाव. पोरं रोज परिपाठाला ते म्हणतात, असं लिहिलं होतं तिने. मी फोटो मोठा करून सगळं वाचलं, आणि तिला उत्तर पाठवलं.

छान दिसतंय.